दिव्यांग नोडलचा आदेश निघालाय? मग गेटपासून बटणापर्यंत काय काय बघायचं ते एकदा वाचून घ्या

निवडणूक लागली की कलेक्टर ऑफिसातून आदेशांवर आदेश सुटतात आणि त्यातल्या एखाद्या आदेशात खाली कुठंतरी आपलं नाव असतं, "नोडल अधिकारी, दिव्यांग मतदार सुविधा". जिल्ह्याला बहुतेक समाजकल्याणवाल्यांच्या गळ्यात पडतं, तालुक्याला मग कुणीही सापडतं, विस्तार अधिकारी, नायब तहसीलदार, कधी एखादे केंद्रप्रमुख गुरुजी. सोबत एक एक्सेल शीट येतं, त्यात रॅम्प आहे का, पाणी आहे का, व्हीलचेअर आहे का, आणि समोर होय-नाही. सगळीकडं "होय" भरून पाठवलं की वरनं कुणी विचारत नाही, मतदानाच्या दिवशी मात्र त्याच "होय"वाल्या शाळेत माणसाला खुर्चीसकट चौघं उचलून नेतात आणि फोटो पेपरात येतो. म्हणून सांगतो, शीट शेवटी भरा.

कायदा आधी दोन मिनिटांत उरकू. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम ११ भारत निवडणूक आयोग आणि राज्य निवडणूक आयोग दोघांनाही लागू आहे. सगळी मतदान केंद्रं दिव्यांगांना पोचता येतील अशी असली पाहिजेत आणि निवडणुकीचं सगळं साहित्य त्यांना समजेल, वापरता येईल असं असलं पाहिजे, शक्यतो-बिक्यतो काही त्यात नाही. कलम ८९ मध्ये दंड आहे, पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत, परत केलं तर ५० हजार ते ५ लाख. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं राजीव रतुरी प्रकरणात सांगितलंय की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी म्हणून ठेवून चालणार नाही, ठराविक गोष्टी बंधनकारकच पाहिजेत. हे तोंडपाठ ठेवायचं कारण एवढंच, की बीडीओ (गटविकास अधिकारी) साहेब "बजेट नाही" म्हणाले की आपल्याला काहीतरी बोलता आलं पाहिजे.

दुसरं म्हणजे साहेब कोण ते बघून घ्या. लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोगाची, झेडपी, पंचायत समिती, नगरपालिका, ग्रामपंचायत राज्य निवडणूक आयोगाची. सूचना वेगळ्या, फॉर्म वेगळे, खाली जी घरून मतदानाची सोय सांगितलीय ती लोकसभा-विधानसभेची आहे, झेडपीच्या वेळी कुणी १२-ड, म्हणजे घरून मतदानाचा फॉर्म, मागायला आलं तर उगं आशा लावू नका. शाळा मात्र त्याच, पायऱ्या त्याच.

आधी यादी, आणि यादी म्हणजे आकडा नव्हे

मतदार यादीत दिव्यांग म्हणून खूण केलेल्यांचा आकडा तुम्हाला तयार मिळेल आणि तो कमीच असणार हे धरून चाला. खूण करायला फॉर्म ८ भरावा लागतो, नवीन नाव असेल तर फॉर्म ६ मध्येच रकाना असतो, आयोगाच्या ॲपवरूनही होतं, पण गावात बसलेल्या माणसाला हे कोण सांगणार? बीएलओ ताई, म्हणजे एका केंद्राची मतदार यादी सांभाळणाऱ्या, अंगणवाडीचं बघून हे बघतात, त्यांना दोष देऊन उपयोग नाही.

मग काय करायचं, तर तीन याद्या गोळा करा. तहसीलमधून संजय गांधी निराधार योजनेची दिव्यांग लाभार्थी यादी, ग्रामपंचायतीकडून ५ टक्के दिव्यांग निधी ज्यांना वाटला त्यांची यादी, आणि समाजकल्याणकडून यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) कार्डवाल्यांची. ह्या तिन्ही गावनिहाय लावून बीएलओला द्या आणि म्हणा ह्यातले यादीत कोण, खूण कुणाला नाही तेवढं बघा. नुसतं "सर्व्हे करा" म्हटलं तर होत नाही, नावं हातात दिली की होतंय.

कायद्यात २१ प्रकार आहेत, आपल्या डोक्यात मात्र व्हीलचेअर आणि काळा चष्मा एवढंच बसलेलं असतं. सिकलसेल, थॅलेसेमिया, पार्किन्सन, मानसिक आजार, ॲसिड हल्ल्यातले, बरे झालेले कुष्ठरुग्ण हे सगळे त्यात येतात. म्हणून शीटमध्ये प्रकाराच्या शेजारी एक जादा रकाना टाका, "काय लागतं". गाडी लागते, व्हीलचेअर लागते, ब्रेल येतं का, सोबत माणूस लागतो का, रांगेत किती वेळ उभं राहता येतं. पूर्ण तालुक्याचं नियोजन त्या एका रकान्यावर चालतं. आणि ही शीट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका हो. माणसाचं नाव, मोबाईल आणि आजार एका ओळीत, आणि ग्रुपमध्ये अर्धे गावपुढारी. शीट बीएलओ, क्षेत्रीय अधिकारी (काही केंद्रांवर मिळून देखरेख ठेवणारा) आणि तुम्ही, एवढ्यातच राहू द्या.

बीड, जालना, परभणीकडं अजून एक भानगड आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला घरं रिकामी होतात, बीएलओ जाते तर दाराला कुलूप, ती "स्थलांतरित" लिहून परत येते. पण बऱ्याच घरांत म्हातारी माणसं आणि दिव्यांग माणूस मागंच राहिलेला असतो, शेजारच्या भावकीत जेवायला असतो किंवा मागच्या खोलीत असतो. मतदानाच्या दिवशी त्याला बूथवर आणणारी सगळी धडधाकट माणसं कारखान्यावर. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला झाली, ऐन त्याच दिवसांत. कुलूप दिसलं तरी शेजारी विचारायचं, हे बीएलओच्या मीटिंगमध्ये स्पष्ट सांगा, गाडीच्या यादीत ही नावं पहिली घ्या.

खोली बघायला जाताना टेप आणि व्हीलचेअर वापरणारा माणूस, दोन्ही सोबत घ्या

हे सगळ्यात वेळखाऊ काम आहे आणि इथंच सगळं ठरतं. मुख्याध्यापक फोनवर म्हणणार, "सर, रॅम्प हाय की, मागल्या सालीच पंचायतीनं करून दिलाय." असतोही. पण तो कसा असतो ते बघा.

उताराचं गणित सोपं आहे, १ ला १२. ओटा जितका उंच त्याच्या १२ पट लांबी. आपल्याकडच्या झेडपी शाळांचे ओटे तीन पायऱ्यांचे, धरून चला ४५ सेंटीमीटर, म्हणजे रॅम्प ५ मीटर ४० सेंटीमीटर लांब पाहिजे. प्रत्यक्षात दीड-दोन मीटरचा असतो, मोटारसायकल चढवायला केल्यासारखा. त्यावरून खुर्ची ढकलणारा दमतो आणि उतरताना बसलेला माणूस तोंडावर येतो. टेप नसेल तर मोबाईलमधलं लेव्हलचं ॲप उघडून फोन रॅम्पवर उताराच्या दिशेनं सपाट ठेवा, ५ अंशाच्या आत दाखवत असेल तर ठीक, १०-१२ दाखवलं तर शीटमध्ये "नाही" लिहा, मुख्याध्यापक नाराज झाले तरी चालतील.

रुंदी १२० सेंटीमीटर पाहिजे, दोन्ही बाजूला धरायला पाइप पाहिजे, ७६ आणि ९० सेंटीमीटरवर दोन पाइप असले तर उत्तमच. आणि जे कुणीच बघत नाही ते म्हणजे वरची सपाट जागा. रॅम्प संपला की दारासमोर दीड मीटर बाय दीड मीटर सपाट पाहिजे, नाहीतर खुर्ची उतारावर तिरकी उभी करून दार उघडायचं आणि तोवर ती मागं सरकती. बऱ्याच शाळांत रॅम्प थेट उंबऱ्याला जाऊन भिडतो. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटीमीटर मोजा, चौकट धरून नाही, पल्ला उघडल्यावर जितकी जागा राहते तितकी. जुन्या शाळेत दोन पल्ल्यांचं दार असतं, एकच उघडतात, दुसऱ्याची कडी वर गंजलेली. ती कडी आधीच मोकळी करून घ्या, सकाळी सात वाजता हातोडी शोधत बसू नका.

आता गेटपासून ओट्यापर्यंत. रॅम्प एकदम झकास आणि गेटपासून तिथपर्यंत काळी माती, हे आपल्याकडं ठरलेलं. पावसात चिखल, उन्हाळ्यात भेगा. लोक वर मुरूम टाकतात आणि काम झालं म्हणतात, पण सुट्या मुरमात व्हीलचेअरची पुढची बारकी चाकं रुततात, मुरूम टाकला तर पाणी मारून दाबून घ्यायचा, नाहीतर शहाबादी फरशीची एक पट्टी टाकून घ्यायची. काळ्या मातीवर नुसता भराव टाकून केलेला सिमेंटचा रॅम्प दोन पावसाळ्यांत फुगून तडकतो, कडेला दोन-तीन इंचाची खाच पडते. जुना "होय" म्हणून नवा "होय" धरायचा नाही तो ह्यासाठीच.

तात्पुरता लाकडी रॅम्प करायची वेळ आली तर चालतो, पण नुसती फळी टाकणं म्हणजे रॅम्प नाही. खाली चौकट, वर जाड प्लाय, दोन्ही कडांना उभी पट्टी म्हणजे चाक बाहेर जात नाही, आणि खरखरीतपणासाठी वर काथ्याची मॅट ठोकून. मंडपवाल्याला मापं लिहून द्या, "रॅम्प टाका" एवढंच सांगितलं तर तो स्टेजची फळी आणून टाकतो.

पक्का करायचा तर निवडणूक लागायच्या आधीच ग्रामपंचायत किंवा समग्र शिक्षा ह्या शाळांसाठीच्या सरकारी योजनेतून प्रस्ताव मागा. शहरात, संभाजीनगर-नांदेडला, प्रश्न वेगळा, तिथं शाळा दोन-तीन मजली आणि खालच्या खोल्यांत ऑफिस नाहीतर स्टोअर. केंद्र तळमजल्यावरच पाहिजे, त्यामुळं स्टोअर रिकामं करायला लावा. जागाच बदलायची तर ते ऐनवेळी होत नाही, केंद्रांचं सुसूत्रीकरण (केंद्रं आणि त्यांच्या जागा नव्यानं ठरवणं) चालू असतं तेव्हा पक्षांच्या बैठकीत विषय ठेवावा लागतो, तारीख आधी विचारून ठेवा.

व्हीलचेअर वापरणारा कुणीतरी सोबत का घ्या म्हणतो, तर तो माणूस आपल्याला न दिसणाऱ्या गोष्टी बोलतो. संडासचं दार आत उघडतं, खुर्ची आत गेली की बंदच होत नाही. नळाची तोटी हाताला येत नाही. मतदान कक्षाच्या टेबलाला पुढून आडवी फळी आहे, गुडघे आत जात नाहीत, मग मशीन हातभर लांब राहतं. टेबल ७५ सेंटीमीटरच्या आसपास आणि खाली मोकळं, हे बघून शाळेतलंच एखादं टेबल बाजूला काढून त्यावर खडूनं खूण करून ठेवा. त्या माणसाला येण्याजाण्याचे आणि दिवसाचे पैसे द्या, चहावर भागवू नका.

घरून मतदान

४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेले आणि ८५ वर्षांवरचे (२०२४ च्या मार्चपर्यंत हे वय ८० होतं) १२-ड भरू शकतात. अधिसूचना निघाल्यापासून ५ दिवसांत भरलेला फॉर्म परत आला पाहिजे, म्हणजे प्रमाणपत्राच्या झेरॉक्सपासून सगळं आधीच तयार नसेल तर त्या ५ दिवसांत होत नाही. मंजूर झाला की यादीत नावापुढं पीबी (पोस्टल बॅलट) लागतं आणि मग बूथवर मत टाकता येत नाही, हे घरच्यांना तोंडी, दोनदा सांगा. टीम व्हिडिओग्राफरसकट येते, उमेदवारांच्या प्रतिनिधींना कळवलेलं असतं, पहिल्या वेळी माणूस नाही सापडला तर परत एकदा येतात, त्यानंतर नाही.

काही बीएलओ सरसकट सगळ्यांच्या सह्या घेतात, गाडीचा ताप वाचतो म्हणून. हे करू देऊ नका. कित्येकांना बूथवरच जायचं असतं, चार माणसं भेटतात, बोटाला शाई लावून पारावर बसता येतं. निवड त्यांची.

व्हीलचेअर, गाडी, स्वयंसेवक

खुर्च्या प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, समाजकल्याण इथून गोळा होतात. मोजताना चालू किती ते मोजा, टायरात हवा, ब्रेक लागतो का, पायदान आहे का. पायदान नसलेल्या खुर्चीत पाय घासत जातात. स्वयंसेवक एनएसएसची पोरं चांगली असतात, अर्धा तास शिकवा: विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, रॅम्पवरून खाली आणताना खुर्ची उलटी करून, म्हणजे ढकलणारा खाली आणि तोंड वर, आणि अंध माणसाचा हात धरून ओढायचं नाही, आपला कोपर त्यांना धरू द्यायचा. बोलायचं माणसाशी, सोबत आलेल्याशी नाही, "ह्यांना काय पाहिजे?" असं नाही.

गाड्यांचं वेळापत्रक उन्हावर ठरवा. २०२४ च्या लोकसभेला आपल्याकडं मराठवाड्यात मतदान २६ एप्रिल, ७ मे आणि १३ मेला झालं. मतदान सात ते सहा, पण दिव्यांगांच्या फेऱ्या सकाळी दहापर्यंत उरकायच्या, राहिलेल्या चारनंतर. दुपारी एक वाजता पत्र्याच्या शेडखाली कुणाला बसवू नका, स्पायनल इंज्युरी (मणक्याची इजा) असलेल्या बऱ्याच लोकांना घामच नीट येत नाही, ऊन चटकन लागतं. परतीची फेरी ठरलीय का तेही बघा, नेताना सगळे नेतात, सोडायला ड्रायव्हर गायब.

केंद्राध्यक्षांच्या ट्रेनिंगमध्ये मागून घ्यायची २० मिनिटं

ट्रेनिंगमध्ये सगळा वेळ मॉक पोल (मतदानाआधीची मशीनची चाचणी) आणि सीलिंगमध्ये जातो. मास्टर ट्रेनरला पकडून २० मिनिटं मागा, ह्या गोष्टी सांगा.

सोबती, नियम ४९-एन. अंधत्वामुळं किंवा शारीरिक दुर्बलतेमुळं ज्याला चिन्ह ओळखता येत नाही किंवा बटण दाबता येत नाही त्यालाच सोबती आत नेता येतो. सोबती १८ च्या वर पाहिजे, एका दिवशी एकाच मतदाराचा होतो, गुप्तता पाळीन असं लिहून देतो, नमुना १४-अ मध्ये नोंद होते. मतदान कर्मचारी सोबती होऊ शकत नाही, एजंटनं चार-चार आजींना आत नेणं तर अजिबात नाही. उलट बाजूही सांगा: व्हीलचेअरवरच्या माणसाचे हात चालू असतील तर सोबती त्याला कक्षापर्यंत सोडेल, आत नाही. आणि अंध मतदार "मी एकटा जातो" म्हणाला तर त्याला एकट्याला जाऊ द्यायचं, केंद्राध्यक्षांनी "राहू द्या, मी सांगतो" करायचं नाही.

ब्रेल. बॅलेट युनिटवर, म्हणजे उमेदवारांच्या बटणांच्या मशीनवर, बटणांच्या बाजूला ब्रेल आकडे असतात, केंद्रावर ब्रेलमधली नमुना मतपत्रिका येते. ती पेटीतून काढून टेबलावर ठेवा, आधी मतदाराच्या हातात द्या, तो नाव वाचून नंबर लक्षात ठेवील आणि मशीनवर तो नंबर चाचपून बटण दाबेल. उमेदवार जास्त असले आणि मशीन दोन-तीन लागली तर गोची होते, प्रत्येक मशीनवर बटणं १६, म्हणजे १७ नंबरचा उमेदवार दुसऱ्या मशीनच्या पहिल्या बटणाला. "मशीन दोन आहेत, डाव्या हाताचं पहिलं" एवढं आत जायच्या आधी सांगायचं, पुढचं त्यांचं ते बघतात.

कर्णबधिर. मतदान अधिकारी नाव मोठ्यानं पुकारतो, त्यांना ऐकू येत नाही, मग "अहो, तुमचंच नाव!" म्हणून ओरडाओरडा. चिठ्ठीवर बोट ठेवून दाखवलं की झालं. बीपही ऐकू येत नाही, त्यामुळं मत पडलं का म्हणून ते थांबतात किंवा परत दाबतात. बटणाजवळचा लाल दिवा आणि व्हीव्हीपॅटची ७ सेकंद दिसणारी चिठ्ठी बघायची, हे चित्रात काढून दाराजवळ लावा.

शाई. डावी तर्जनी नसेल तर डाव्या हाताचं दुसरं कुठलंही बोट, डाव्या हाताला बोटंच नसतील तर उजव्याची तर्जनी किंवा दुसरं बोट, तेही नसेल तर हाताच्या टोकाला. कुष्ठरोगातून बरा झालेला माणूस समोर आला की आपले लोक एकमेकांकडं बघायला लागतात आणि मागं रांग बघती, ते त्या माणसाला सगळं कळतं. हा नियम मतदान अधिकारी दोनला तोंडपाठ पाहिजे.

रांग लावायला लावू नका, सरळ आत घ्या. अपंगत्व डोळ्यांना दिसत नसेल आणि माणूस सांगत असेल तर कार्ड मागत वाद घालत बसू नका.

माहितीपत्रकं आणि वेबसाइट

ह्याकडं कुणी बघतच नाही. जिल्ह्याच्या साइटवर टाकलेलं पत्र स्कॅन केलेलं असतं, किंवा श्रीलिपी-कृतीदेव ह्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं, अंध माणसाच्या मोबाईलमधला स्क्रीन रीडर ते वाचूच शकत नाही, नाहीतर अगम्य अक्षरं बडबडतो. युनिकोडमध्ये टाइप करा, वर्डमधून थेट पीडीएफ काढा, सही-शिक्क्याची स्कॅन कॉपी वेगळी ठेवा. तपासायची रीत: मोबाईलमध्ये टॉकबॅक (अँड्रॉइडमधला स्क्रीन रीडर) चालू करून डोळे मिटून ऐका. आवाहनाचे व्हिडिओ केले तर सांकेतिक भाषेचा दुभाषी कोपऱ्यात बोटाएवढा नको, हात दिसले पाहिजेत.

मतदानाचा दिवस आणि नंतर

त्या दिवशी तुम्ही फोनवर. आदल्या संध्याकाळी प्रत्येक क्षेत्रीय अधिकाऱ्याकडून दोन फोटो मागवा, रॅम्पवर उभी केलेली व्हीलचेअर आणि मतदान कक्षाचं टेबल बाजूनं, नुसता रॅम्पचा फोटो घेऊ नका. १९५० ह्या मतदार हेल्पलाइनवर आलेल्या तक्रारी तुमच्याकडं वळवायला कंट्रोल रूमला सांगून ठेवा. एखाद-दुसरी जादा व्हीलचेअर तहसीलच्या गाडीत ठेवा, लागतेच. दिव्यांग कर्मचाऱ्यांनी चालवलेलं आदर्श केंद्र असतं, फुगे-रांगोळी, पाहुणे तिथंच जातात, तुम्ही त्या दिवशी तिकडं फिरकू नका, तिथं सगळं नीटच असतं.

मतदान झाल्यावर आठवडाभरात, कागद पेट्यांत जायच्या आत, केंद्रनिहाय चार गोष्टी लिहून घ्या: १४-अ मध्ये किती नोंदी, व्हीलचेअर किती वेळा वापरली, गाडीनं किती आले, कुणाला उचलून न्यावं लागलं. शेवटचा आकडा कुणी स्वतःहून देत नाही, स्वयंसेवक पोरांना फोन करून विचारा, ती खरं सांगतात. जिथं उचलावं लागलं त्या शाळांची यादी मापांसकट गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि बीडीओंना पत्रानं पाठवा, आवक नंबर घ्या, आणि एक प्रत तुमच्या जागी पुढं जो येईल त्याच्यासाठी फाइलला लावून ठेवा, कारण झेडपीला पेट्या परत त्याच खोल्यांत जाणार आहेत.